चक्कर काय आहे जी?

कुणी चहा दिला की आमचे सर कप उंच धरून आधी त्याच्या बुडाकडे बघत. मग एक घोट घेत, तो तोंडात जरा घोळवत आणि विचारत, “आज चहा काऊन पाजून राहिले? चक्कर काय आहे जी?”

असा माणूस तुमच्याही ऑफिसात किंवा गल्लीत असेल. आमच्या शाळेत ते गणित शिकवत, मी भूगोल. घरंही दोघांची गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरलाच, चालत जाण्याच्या अंतरावर. हेडमास्तरांनी कौतुक केलं की सरांना वाटे, आता बदलीची ऑर्डर येणार. मुलांनी वाढदिवसाला फूल दिलं तर म्हणत, “पेपर सोपा पाहिजे का रे?” मुलं हसत, सरही हसत. पण फूल टेबलावरच राही.

वर्षानुवर्षं नकाशावर देश दाखवून मला कंटाळा आला होता. एकदा तरी लांबचा एखादा देश पायांनी बघावा, असं फार वाटे. भाच्याने व्हिएतनाम सुचवलं. पाठीवर सॅक टाकायची, बसने फिरायचं, लोकांच्या घरी राहायचं. सोबतीला कुणी मिळेना. शेवटी सरांना विचारलं.

“मलेच काऊन?” त्यांचा पहिला प्रश्न.

“बाकी सगळे नाही म्हणाले.”

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “हे खरं वाटते,” म्हणाले आणि तयार झाले.

विमान कोलकात्याहून होतं; तिथल्या गाडीत बसल्यापासूनच त्यांचा पहारा सुरू झाला. सॅकला त्यांनी दोन कुलपं लावली होती, आणि तिच्यावर पाय ठेवूनच ते झोपत. हनोईत एका म्हाताऱ्या बाईने हात धरून आम्हाला रस्ता ओलांडून दिला, तर सरांनी पलीकडे गेल्या गेल्या सगळे खिसे चाचपले. हॉटेलवाला हसला की त्यांना वाटे, खोलीत काहीतरी गडबड आहे. एका बसमध्ये शेजारच्या माणसाने लिची पुढे केल्या. सरांनी मला कोपराने ढोसलं, “त्याले स्वतः पहिले खाऊ द्या.” त्याने खाल्ल्या. मग सर म्हणाले, “आता तुम्ही खा.”

आम्ही उत्तरेच्या डोंगरात गेलो तेव्हा तिथे रोवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू होती. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, पाणी भरलेलं, बाया वाकून पऱ्हे लावत होत्या. सर उभेच राहिले. सौंदडजवळ त्यांचे आईवडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत राबले होते. आमच्याकडेही धानाची शेती, पण ती आमची स्वतःची. तो फरक आम्ही दोघंही ओळखून होतो. बोलायचो मात्र नाही.

दोन खाचरांमधल्या अरुंद धुऱ्यावरून चालताना माझा पाय घसरला आणि मी खालच्या खाचरात जाऊन पडलो. घोटा असा मुरगळला की उभंच राहवेना. रोवणीतली माणसं धावत आली. एका दणकट तरुणाने मला पाठीवर घेतलं आणि चढ चढायला लागला. मागून सर दोन्ही सॅक घेऊन धापा टाकत येत होते. “अजी, विचारा त्याले, कुठं घेऊन चालला! ना ओळख ना पाळख, चक्कर काय आहे?”

लाकडी खांबांवर उभारलेल्या घरात त्याने मला चटईवर ठेवलं. घरात त्याचा म्हातारा बाप, आई आणि बायको. बायकोने कधीकाळी शहरातल्या हॉटेलात काम केलं होतं, म्हणून तिला थोडं इंग्रजी येई. म्हातारीने कसला तरी पाला वाटून आणला. सरांनी तो आधी हुंगला, स्वतःच्या मनगटावर लावला आणि बराच वेळ मनगटाकडे बघत बसले. मी विव्हळत होतो. अखेर म्हातारीनेच त्यांना बाजूला सारून माझा पाय बांधला.

मग चहा आला, बिनदुधाचा, छोट्या कपात. सरांनी सवयीने कप उंचावून बूड पाहिलं. म्हाताऱ्याला वाटलं, कप फुटका असावा. त्याने तो झटकन काढून घेतला, बोट फिरवून तपासला आणि मान हलवली. मग स्वतः पीत होता तो अर्धा कप सरांच्या हातात दिला.

सर त्या कपाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला समजेना. मग त्यांनी तो उष्टा चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी सगळे एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसलो. जेवण सुरू होईना. म्हातारा आमच्या दोघांकडे बोट करून काहीतरी विचारत होता. आम्हाला कळेना. तो पुन्हा विचारी, पुन्हा बोट आमच्याकडे. सरांची पाठ ताठ झाली.

“विचारलं,” ते हळूच म्हणाले. “मले वाटलंच होतं. जेवाच्या पहिले विचारतेच.”

“काय विचारतो आहे?”

“आपण कोणाचे, ते. दुसरं काय विचारन जी?”

तेवढ्यात सून स्वयंपाकाकडून आली. सासऱ्याचं ऐकून हसली आणि इंग्रजीत म्हणाली, “बाबा विचारताहेत, तुमच्यात मोठं कोण? आमच्या भाषेत वय कळल्याशिवाय हाकच मारता येत नाही. आणि मोठ्याला आधी वाढायचं असतं.”

मी सरांकडे बोट दाखवलं. ते माझ्याहून थोडेच मोठे. म्हाताऱ्याने काड्यांनी मांसाचा चांगलासा तुकडा उचलला आणि सरांच्या वाटीत ठेवला. घरातले सगळे त्यांच्याकडे पाहू लागले, कारण ते खाईपर्यंत कुणी सुरुवात करणार नव्हतं. सरांनी तुकडा तोंडात घातला. त्यांचे डोळे भरून आले. “तिखट आहे,” म्हणाले. जेवणात मिरची औषधालासुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसलो असताना ते आपणहून बोलले. “पहिल्या नोकरीच्या गावात मी मास्तर म्हणून गेलो. ज्यांच्याकडे खोली होती, ते रोज चहा देत. मोठे प्रेमळ लोक. मी म्हणो, बरं घर भेटलं. एक दिवस कप विसळता विसळता उलटा केला, तर बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका. घरातल्या बाकीच्या कपांले नव्हता.”

“मग?”

“मग काय? मास्तरच होतो. वर्गात जाऊन शिकवलं.” पुढे म्हणाले, “त्यांनी एक शब्द वाकडा बोलला नाही जी कधी. ते शिव्या देते तर बरं झालं असतं. समजलं तरी असतं.”

खाली खाचरात रोवणी सुरू झाली होती. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरून गेले. बायांनी हसत त्यांच्या हातात पऱ्ह्यांची जुडी दिली. माझा पाय बरा होईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो आणि सर रोज चिखलात.

त्यानंतर ते बदलले, असं मी सांगितलं तर तुम्हाला आवडेल. पण तसं झालं नाही. परतीच्या विमानातही ते अस्वस्थच होते. “मले अजून समजलं नाही. त्यांले आपल्यापासून पाहिजे काय होतं?”

“काही नाही.”

“असं होत नसते जी,” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

गोंदियाला आल्यावर काही दिवसांनी त्यांनी मला जेवायला बोलावलं. इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. मी बायकोला घेऊन गेलो. सर दारातच उभे. “घरी सांगून आले ना? तुमच्या आईले माहीत आहे?”

“आईनेच लोणचं दिलं आहे,” बायको म्हणाली आणि बरणी पुढे केली.

सरांनी बरणी घेतली, उजेडात धरून पाहिली. “हे सगळ्यांसाठी काढते तेच आहे, का वेगळं?”

“सर, आता आत येऊ द्याल का?” बायको म्हणाली. आतून त्यांच्या मिसेस मोठ्याने हसल्या. मग आमचं येणं-जाणं सुरू झालं. सरांच्या शंकाही सुरू राहिल्या. त्यांच्या मिसेस म्हणत, “लग्नाले तीस वर्षं झाले, मलेही अजून पास नाही केलं.”

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्यांच्या छातीत दुखू लागलं. ऑपरेशनसाठी नागपूरला जायचं ठरलं. सकाळच्या गाडीला मी स्टेशनवर गेलो. मिसेस सामान लावत होत्या. सर खिडकीशी बसले होते, बरेच वाळलेले. डॉक्टर फार गोड बोलतो, म्हणून त्यांना तोही पटला नव्हता.

“तुम्ही काऊन आले? काही काम होतं इकडं?”

“नाही.”

“मग निघा. गाडी सुटेपर्यंत थांबून काय करता?”

“काही नाही. नुसता थांबतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गणितातली पायरी तपासावी तसं, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं, आता काहीतरी विचारतील. त्यांनी मांडीवरची शाल गोळा केली, खिडकीकडे सरकले आणि बाजूच्या रिकाम्या झालेल्या जागेवर हात थोपटला.

मी आत जाऊन बसलो. इंजिनाची शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघं समोरच्या फलाटाकडे बघत होतो. मग मी उतरलो. सर नागपूरहून परत आले नाहीत.