सुलूचा राक्षस

विश्राम आखणीवाला म्हटलं की दांडीपासून बोईसरपर्यंतचे मूर्तिकार ओळखायचे. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रेखणं. बाकी मूर्ती कोणीही रंगवो, डोळ्यांना विश्रामच लागायचा. त्यामुळे स्वारीचा भाव चढलेला. चहा गार मिळाला तरी कुंचला टाकून चालू पडेल, असा तिरसट. एक नेम मात्र पक्का होता: डोळे रेखले की मूर्ती ज्याची त्यानं न्यायची, घरात ठेवायची नाही.

विसर्जन झालं की त्याची बायको सुलू उरल्यासुरल्या शाडूचा वीतभर राक्षस करायची, आमच्या पालघरच्या आळीतल्या दिवाळीच्या किल्ल्यासाठी. रंगवायचा विश्राम. लालबुंद डोळे, बाहेर आलेले सुळे. सुलू दरवर्षी म्हणायची, "अवो, तो हसतोय. तुमाला दिसत कसा नाय?"

"राक्षस कदी हसतो काय?" म्हणत हा सुळे आणखी लांब काढायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

सत्त्याऐंशीच्या नवरात्रात सुलू तापानं गेली. पोरबाळ नव्हतं. विश्राम भात दोघांचा शिजवायचा आणि उरलेला सकाळी खायचा. कोणी हाक मारली तर दार लावून घ्यायचा. मला त्याचा राग यायचा, आणि फार वाईटही वाटायचं.

दिवाळी तोंडावर आली तशी शेजारच्या वत्सलाकाकूनं राक्षसाची आठवण केली. सुलूनं जाण्याआधी केलेला तो शेवटचा, फळीवर कोराच पडून होता. विश्रामनं तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला, नखानं वाजवून बघितला. तडा नव्हता. ओठाच्या कडेला गालावर उंचवटा मात्र हाताला लागला. सुलूचा हात चुकला असेल म्हणून सवयीनं काचपेपर घेतला आणि घासून सपाट केला. मग दुसरा गाल बघितला. तिथंही अगदी तसाच उंचवटा होता, आणि त्याच्याखाली ओठाचं टोक वर गेलं होतं. राक्षस हसत होता, पण आता एकाच गालानं.

घासलेली माती पुसून गोळा केली, पाण्यात कालवून गालावर लावली. वाळल्या शाडूवर ओला शाडू धरत नाही, हे त्याला काय कोणी सांगायला हवं होतं? सकाळी पापुद्रा सुटून खाली पडला. विश्राम मोठ्यानं रडला. अख्ख्या आळीनं ऐकलं.

वत्सलाकाकू धावली. "असू दे रं, कोन बघतंय गाल? नुसते डोले काड नि दे."

"डोले काडले का तो घरात नाय रेवायचा," विश्राम म्हणाला. "नाय काडनार."

त्या वर्षी किल्ला राक्षसाविना झाला. आंधळा राक्षस फळीवरून उतरून चुलीपाशी आला. जेवायला बसताना विश्राम त्याला थोडा वळवून ठेवायचा, न घासलेला गाल आपल्याकडे यावा म्हणून.