रंगाऱ्याचा निळा रंग

कचेरीत सगळे त्याला रंगारी म्हणत. बाकीचे गणितवाले. सर्किटच्या तारांतून सुसाट धावणाऱ्या लहरींचा हिशोब ते मांडत आणि आकड्यांचा ढीग याच्या पुढ्यात ओतत. त्या ढिगाचं पडद्यावर चित्र करणं हे याचं काम. लहर जोरात तिथे लाल, शांत तिथे निळं. कष्ट आमचे, कौतुक याचं, असं गणितवाले कुरकुरत.

माणूस मूळचाच चौकस. फ्रिज बंद केल्यावर आतला दिवा विझतो का, हे बघायला लहानपणी त्याने धाकट्या बहिणीला आत बसवायचा घाट घातला होता, आणि आईच्या हातचा मार खाल्ला होता.

तीच बहीण आता सर्किटबोर्ड आखते, आणि तपासते भावाच्या सॉफ्टवेअरवर. तिचा एक बोर्ड दोनदा बनून आला, आणि दोन्ही वेळा एका तारेतली लहर शेजारच्या तारेत घुसून घोळ घालू लागली. तिसऱ्यांदा फसला तर काम काढून घेऊ, असं तिच्या साहेबांनी बजावलं. ती तणतणत भावाच्या टेबलाशी आली.

"दादा, तुझं चित्र निळंशार आणि माझा बोर्ड बोंबलतोय. दोघांतला एक कोणीतरी खोटं बोलतोय."

दुसरा कोणी रागावला असता. हा मात्र खुर्ची सरसावून बसला. चित्र फिरवलं, मोठं केलं. सगळीकडे निळं, फक्त लहर आत सोडायच्या टोकाला सुईच्या अग्राएवढा लाल ठिपका. तो तिथे असतोच, म्हणून त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. आज त्याला प्रश्न पडला, की रंगांची वाटणी करतो कोण? करत होता त्याचाच प्रोग्रॅम. सर्वांत मोठ्या आकड्याला लाल, आणि बाकीच्यांना त्याच्या मानाने. बळी तो कान पिळी. एका ठिपक्याने सगळा लाल गिळला होता.

त्याने ठिपका वगळून चित्र पुन्हा रंगवलं. ते भलतंच कुरूप निघालं, अंगभर डाग. तारांखालच्या तांब्याच्या पत्र्यात एक अरुंद चीर राहिली होती, आणि तिथून नारिंगी ओघळ शेजारच्या तारेत शिरत होता.

"सापडली चीर! बघ, लहर कशी तिला वळसा घालून जातेय," तो हरखून म्हणाला. चीर बुजवणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनेच विचारलं, "दादा, तुझं निळं चित्र बघून आणखी किती जणांनी बोर्ड बनवायला दिले असतील?"

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. त्या निळ्याचा त्याला फार अभिमान होता.

"सगळ्यांना कळवायला हवं," तो म्हणाला. "आधी तुझ्या साहेबांना सांगतो. तुझा बोर्ड दोन्ही वेळा मीच फसवला गं."

बहीण उठली, पर्स खांद्याला लावली. "चल," ती म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर."