न हलणारी सीट

गिऱ्हाईक डोळ्यांवर गरम टॉवेल घेऊन खुर्चीत पडलेलं असताना त्याची सायकल घेऊन चक्कर मारायला जाऊ नये, असं कुठल्याही सलूनच्या भिंतीवर लिहिलेलं नसतं. तशी वेळच कुणी आणत नाही. वस्तादने आणली.

वस्ताद हे त्याला गिऱ्हाइकांनी लावलेलं नाव. अंगापिंडाने तो बेताचाच. आरशावरचा दिवा बदलायचा झाला तर स्टूल लागायचं. पण सायकलच्या शर्यतीवाल्यांचे पाय भादरणारं गावातलं एकमेव सलून त्याचं होतं. शर्यतीवाले पायांवर केस का ठेवत नाहीत, हे त्याने तिघांना विचारलं होतं आणि त्याला चार कारणं मिळाली होती. बाकीचे सलूनवाले फिदीफिदी हसायचे. "आता शेपटीपण कापून द्या," म्हणायचे. वस्तादने ते मनावर घेतलं नाही. उलट पोटऱ्यांवरून वस्तरा फिरवता फिरवता घाटाच्या, चढाच्या, शेवटच्या मुसंडीच्या गोष्टी ऐकून त्यालाच शर्यतीचं वेड लागलं. रोज पहाटे दूधवाल्याच्या असते तसल्या आपल्या अवजड सायकलवर तो पाण्याच्या टाकीचा चढ चढू लागला. आता नवख्यांची शर्यत तोंडावर आली होती. त्यात उतरायचं तर वाकड्या हँडलची, हलकी सायकल हवी. तो जुनीच शोधत होता, आणि तीही अॅल्युमिनियमची.

यावर खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होता. "घ्यायची तर कार्बनच्या सांगाड्याची घे," असं सांगणाऱ्यांत स्वतःची सायकल नसलेलेच जास्त. वस्तादचं म्हणणं सरळ होतं. "कार्बन आतून तडकतं आणि वरून हसतं. अॅल्युमिनियमला लागलं तर पोचा दिसतो. मला तोंडावर सांगणारी वस्तू बरी."

तर त्या दिवशी वकीलसाहेबांचे दोन्ही पाय गुळगुळीत करून, दाढी उरकून, त्याने त्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला. बाहेर त्यांची चांदीच्या रंगाची सायकल भिंतीला टेकून उभी होती. नुसतं कोपऱ्यापर्यंत, असं स्वतःला बजावत वस्ताद ओट्यावरून तिच्यावर चढला. फेस लावलेल्या गालावरून वस्तरा सरकावा तशी ती सुटली. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानासमोर आडवी स्कूटर आली. वस्तादने ब्रेक दाबला, पाय खाली टेकायला गेला, आणि जमीन जिथे असायला हवी तिथे ती नव्हती. चांगली वीतभर खाली होती. तो दुकानाच्या पायरीवर आदळला. कोपर सोलवटलं ते त्याला घरी गेल्यावर कळलं. आधी दिसला तो वरच्या नळीला पडलेला पोचा, करंगळीचं टोक बसेल एवढा.

परत आला तेव्हा टॉवेल गार झाला होता आणि वकीलसाहेब दारात उभे होते.

"वस्ताद, हे काय केलंस?"

"साहेब, चुकलं. जे काय होईल ते मी भरून देतो."

साहेबांनी पोच्यावरून बोट फिरवलं. मग एकदम मऊ झाले. इतके मऊ, की शहाण्या माणसाने तिथेच सावध व्हावं. "भरपाई कसली मागायची तुझ्याकडे? तू सायकल बघतोच आहेस. हीच घे. मला नवी घ्यायचीच होती. दोन दिवस ठेव, चालवून बघ, मग पैसे दे." आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो बिनपोच्याच्या सायकलचा होता. अपराधी माणसाला घासाघीस सुचत नाही. वस्तादने मान डोलावली. सलूनच्या नव्या खुर्चीसाठी बाजूला ठेवलेले पैसे आता यात जाणार होते.

बायकोने सायकल पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा सायकल पाहिली.

"अहो, ही तुम्ही चालवणार की हिच्याखालून जाणार?"

"सीट खाली घ्यायची, झालं. आपल्या खुर्चीला पायाने दोन दणके दिले की माणूस वर-खाली होतो की नाही?"

हाच तर त्याचा घोळ होता. पंधरा वर्षं ज्याच्या हाताखाली खुर्ची गिऱ्हाइकाच्या मापाने हलत आली, त्याला न हलणारी सीट ही कल्पनाच माहीत नव्हती. पडल्यावरसुद्धा तो मनाशी म्हणाला होता, सीट साहेबांच्या उंचीला लावलेली, माझीच चूक. आता त्याने बोल्ट सैल केला. सीट हलली नाही. तेल सोडलं. कढत पाणी ओतलं. बायकोने चाक गुडघ्यांत धरलं आणि वस्तादने दोन्ही हातांनी सीट पिळली. सायकल गोल फिरली, बायको तिच्यामागे फिरली, पण सीटचा दांडा नळीत असा रुतला होता, की जणू तिथेच उगवला असावा. तोंडाशी पांढरी, खरबरीत बुरशी धरल्यासारखं काहीतरी दिसत होतं. घामाने आणि पाण्याने आतल्या आत धातू धातूला चिकटून बसला होता.

"नव्या चपला घेताना दुकानभर फिरून बघता," बायको धापा टाकत म्हणाली. "आणि सायकल घेताना सीटला हात लावला नाहीत?"

"कसा लावणार? पोचा पाडून बसलो होतो ना!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो सायकल ढकलत वकीलसाहेबांच्या कचेरीत गेला. पंखा फिरत होता, कागदांवर दगड ठेवलेले होते. साहेब डबा खात होते.

"साहेब, सीट हलत नाही."

"तिला कशाला हलवतोस? पाय जरा ताणून चालव. सवय होते."

"पाय ताणून किती ताणू? रबराचे आहेत का?" वस्तादने सीटवर थाप मारली. "तुम्हाला माहीत होतं?"

साहेबांनी घास सावकाश चावला. "तू विचारलंस का? विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

वस्तादच्या कानांत शिट्टी वाजली. त्याने आजवर कुणाला अरेतुरे केलं नव्हतं, आताही केलं नाही, पण आवाज खिडकीबाहेर गेला. "मी विचारायला हवं होतं? दोन वर्षं तुमच्या पोटऱ्यांवर वस्तरा फिरवला, कधी एक ओरखडा नाही. आणि तुम्ही माझा गळा कापता? मी पडलो तोसुद्धा या सीटपायी!"

"तू पडलास, कारण न विचारता दुसऱ्याची सायकल घेतलीस."

"घेतली. चुकलं. शंभरदा म्हणतो चुकलं. पोचा माझा, त्याचे पैसे सांगा, आत्ता देतो. पण माझ्या चुकीच्या गोणीत तुमची लबाडी घालून दोन्हीचं ओझं माझ्याच डोक्यावर? हे कुठलं कलम?"

बाहेरच्या बाकावर बसलेले दोन अशील माना लांब करून ऐकू लागले. साहेबांचं लक्ष तिकडे गेलं. शिवाय गावातले सगळे शर्यतीवाले वस्तादच्याच खुर्चीत बसतात आणि त्या खुर्चीत कोर्टापेक्षा जास्त साक्षी होतात, हेही त्यांच्या ध्यानात आलं असावं. "बरं बरं, सायकल इथेच ठेवून जा. पोच्याचं राहू दे," ते म्हणाले, आणि ते अशा थाटात म्हणाले, की जणू दानच केलं. वस्तादला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. आपल्या चुकीचे पैसे मोजून मोकळं व्हायचीही सोय त्यांनी ठेवली नाही.

आठवड्याभराने त्याला सायकल मिळाली ती पोहण्याच्या तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंची. बाई त्याच्याच उंचीच्या. सायकल अॅल्युमिनियमची, रंग वांग्याचा, तोही जागोजाग उडालेला. बाईंनी हात लावायच्या आधीच सांगायला सुरुवात केली, "भाऊ, मागचा ब्रेक कुरकुरतो. इथे मी एकदा पडले होते, हा बघा ओरखडा. हँडलची पट्टी बदलावी लागेल." वस्तादने बोल्ट सैल केला आणि सीट वर घेतली, खाली घेतली, पुन्हा वर घेतली.

"काय बघताय?" बाईंनी विचारलं.

"माणुसकी," तो म्हणाला आणि स्वतःच लाजला.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वकीलसाहेब सलूनच्या दारात. दुसरं कुणी पाय भादरत नव्हतं, जाणार कुठे? "पाय," एवढंच म्हणाले आणि बसले. वस्तादने ओठ आवळले. हात मात्र धंद्याचा होता, तो रागावत नाही. दोन्ही पाय आरशासारखे केले. साहेबांनी खिसे चाचपले. "सुटे नाहीत रे. उद्या शर्यत संपली की देतो."

"साहेब, तुम्ही कुठल्या गटात?"

"नवख्यांच्या."

"तुम्ही? सहा वर्षं शर्यती करताय!"

"अजून एकही जिंकलेलो नाही. नियमाप्रमाणे मी नवखाच."

सकाळी वस्ताद वांग्याच्या रंगाच्या सायकलवर निम्म्या लोकांच्या पुढे राहिला. टाकीच्या चढावर तर त्याने तिघांना गाठलं. छाती भात्यासारखी हलत होती, पण पाय पुरत होते, बरोबर तेवढेच पुरत होते जेवढे पुरायला हवेत. उतार लागला आणि शेजारून दोन चकचकीत, फेसाचा वास येणाऱ्या पोटऱ्या सपसप निघून गेल्या. त्याच्याच हातच्या. उधारीवर केलेल्या.

"साहेब!" वस्ताद जीव खाऊन ओरडला. "पायांचे राहिलेत!"

साहेबांनी मागे न बघता एक हात वर केला. देतो, असा. आणि वळणाआड गेले.

ते पैसे अजून आलेले नाहीत.