बाक हलवले ते वर्ष

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गातल्या सव्वीसपैकी अकरा जागा रिकाम्या होत्या. गाव जाफराबादपासून जीपने अर्ध्या तासावर. दिवाळी झाली की तिथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात आणि मुलंही आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर चढतात. मी त्या शाळेत नवीन होते. हे दर वर्षीचंच आहे, असं सगळे सांगत होते, म्हणून मीही ते तसंच धरून चालले.

पंचाईत झाली ती उरलेल्या पंधरा मुलांची. कुणी पुढच्या बाकावर एकटं, कुणी पार मागच्या भिंतीशी, मध्ये नुसते बाक. रस्त्यावरून कापसाची गाडी गेली की सगळ्या माना खिडकीकडे. भागाकाराचं एकच उदाहरण मी तीन दिवस घोळवत होते. एकदा चिडून विचारलं, "लक्ष कुठंय तुमचं?" तर एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, माझी जोडीदारीण गेली ना."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुख्याध्यापकांना म्हणाले, "सर, वर्ग जरा बदलून बघते."

"अर्ध्या वर्षात कशाला हलवाहलव, मॅडम?" ते म्हणाले, पण बाकाचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. जास्तीचे बाक आम्ही तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत नेऊन एकावर एक रचले. उरलेले अर्धगोलात लावले, सगळ्यांची पाठ खिडकीकडे येईल असे. खिडकीखाली गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट सरकवलं. जूनमध्ये मुलांनी बाकांवर आपापल्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्या ओल्या फडक्याने भिजवून मी खरवडून काढल्या आणि नव्या पंधरा लिहिल्या.

दिवसाची घडीही बदलली. परिपाठ झाला की सगळ्यांनी दोन मिनिटं डोळे मिटून गप्प बसायचं, मीसुद्धा. मग दहा मिनिटं ज्याने त्याने मनात वाचायचं. गणित पहिल्या तासाला. पहिले आठ दिवस नुसती खिदळाखिदळ झाली. मग हळूहळू वर्ग जमू लागला. जानेवारीत मुलं स्वतःहून एकमेकांचे भागाकार तपासत होती. केंद्रप्रमुख आले, त्यांनी फोटो काढले. मला फार बरं वाटलं, ते खोटं कशाला सांगू?

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीची घरं परत आली. सकाळची शाळा सुरू झाली होती. आम्ही डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात दारातून मोठ्याने आवाज आला, "बाई, आले मी!"

लगेच दुसरा आवाज, आमच्याच मुलांतला, "शूः! आता बोलायचं न्हाई."

मी डोळे उघडले नाहीत. आपणच नियम मोडला तर मुलं काय म्हणतील, असं वाटलं. दोन मिनिटं पुरी होईपर्यंत मी तशीच बसले. डोळे उघडले तेव्हा ती मुलगी कपाटापाशी उभी होती. दिवाळीआधी तिचा बाक तिथंच होता. उन्हाने रापलेली, उंच झालेली, हातांवर उसाच्या पाचटाचे चरे. दप्तर छातीशी धरलेलं. मी काही बोलायच्या आत ती दाराजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"अगं, इकडं ये," मी म्हणाले. दोन मुलींना सरकायला सांगितलं. त्या सरकल्या, पण जेमतेम. दिवसभर ती बाकाच्या कडेवर अर्धी बसून राहिली. मनात वाचायच्या वेळी बोट ठेवून ओठ हलवत होती, तर शेजारची कुजबुजली, "आवाज न्हाई करायचा." ती पुस्तक मिटून बसली. पूर्वी हीच मुलगी कविता म्हणायला सगळ्यांच्या आधी उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आई अंगणात अंथरुणं उन्हात टाकत होती. मला पाहून तिने बाज पुढे ओढली.

"बसा बाई. काल गेल्ती की ती शाळेत. परत येऊन रडून राह्यली. म्हणती, आई, माझं नाव काढून टाकलं."

"नाव नाही काढलं हो. हजेरीत आहे तिचं नाव."

"बाकावरचं म्हणती ती."

आतून मुलगी बाहेर आली नाही. "म्या धाडते उद्या," आई म्हणाली, "पण तुमीच सांगा, चार महिने न्हाई म्हणून जागा बी न्हाई का?"

मी सरांबरोबर पोत्यांच्या खोलीतून सहा बाक परत आणले. अर्धगोलात ते बसेनात, म्हणून पुन्हा ओळी केल्या. पंधरा मुलांना ते आवडलं नाही. वर्ग पुन्हा कलकल करू लागला. परत आलेल्यांतले सात जण बसू लागले, चार आलेच नाहीत. ती मुलगी परीक्षेपर्यंत रोज आली, पण कविता तिने एकदाही म्हटली नाही.

त्याच महिन्यात शिक्षकांच्या परिषदेत मला माझ्या वर्गाबद्दल बोलायला सांगितलं. अर्धगोल, दोन मिनिटं, मनातलं वाचन, सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. परत आलेल्या मुलांबद्दल मी एक शब्द काढला नाही. परतीच्या जीपमध्ये माझी मलाच शरम वाटत होती.

पुढच्या दिवाळीनंतर मी एकही बाक हलवला नाही. नावंही तशीच ठेवली. दोन मिनिटं शांत बसणं तेवढं चालू ठेवलं. वर्ग हिवाळाभर विस्कटलेलाच राहिला आणि सर नाराज झाले. यातलं बरोबर काय, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

ती मुलगी पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत गेली होती. तिथले शिक्षक मला एकदा बाजारात भेटले. मी तिची चौकशी केली.

"मस्टरवर नाव आहे, बाई," ते म्हणाले. "पोरगी न्हाई."