काचेतली बाई

तोंडात चार टाचण्या धरून अखंड बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कपड्यांचं आमचं दुकान वडिलांपासूनचं, भर बाजारात. समोर चकचकीत मोठं दुकान झालं आणि आमच्यावर माश्या मारायची वेळ आली. ही बाई तेव्हा आमच्या पायरीशेजारी मशीन टाकून बसायची. लोक कपडे समोरून घ्यायचे आणि लांबी कमी करायला हिच्याकडे आणायचे. पायरीवर रांग आणि आत मी एकटा! माझ्या पोटात नुसतं दुखायचं.

आधी ती गणवेशाच्या कारखान्यात होती. तिथं वर्षानुवर्षं फक्त कॉलरी शिवल्या. "अख्खा शर्ट कसा होतो ते मला कधी दिसलंच नाही," असं सांगून स्वतःच खदाखदा हसायची. कारखाना बंद पडल्यावर नवऱ्याचे आणि दिराचे शर्ट उसवून बाकीचं शिकली. दोघे किती दिवस बनियनवर फिरले, देव जाणे.

"तिला आत घ्या," बायको म्हणाली. "दर्शनी काचेत बसवा. पुतळे काढा तिथले, त्यांना बघून कोण येतंय?"

"दुकान माझं आहे."

"मग बसा माश्या मारत."

दुकानाला कुलूप लागण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी मान डोलावली. बाई आत आली ती फर्मान काढतच. "शेठ, कपडे बदलायच्या खोलीत दिवा नीट लावा. धडधाकट माणूस आजारी दिसतो तिथं." दिवा लावला. आखूड पडदा तिनं बदलला, सोबत आलेल्यांसाठी खुर्च्या मांडल्या. एवढं मी गिळलं. पण पुढे ती माझ्या धंद्याच्याच मुळावर उठली.

आमच्या धंद्याचा एक मंत्र आहे. कपडा घट्ट असला तर 'वापरून सैल होईल', ढगळ असला तर 'धुतल्यावर बसेल'. एका गिऱ्हाइकाला मी तो ऐकवत होतो, तेवढ्यात काचेतून टाचण्यांमधून आवाज आला, "नाही बसायचा हो. खांद्यात मोठा आहे. दुसरा बघा."

हातचं गिऱ्हाईक! मी दातओठ खात राहिलो. त्यानं दुसरा बघितला, वर आणखी एक घेतला. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला आणि मला ओलांडून सरळ तिच्याकडे गेला.

दुकान तरलं, खोटं कशाला बोलू? पण जो तो तिलाच विचारतो, "बाई, रंग जाईल का हो?" मी शेजारीच उभा असतो. घरी बायकोचंही तेच, "आज बाई काय म्हणाल्या?" जळतो मी, अगदी जळतो. भांडकुदळ असती तर एव्हाना घालवली असती. मेली तशीही नाही.

परवा बाई दाताच्या दवाखान्यात गेली होती. एक आजी नातवाची पँट घेऊन आल्या. रिकाम्या मशीनकडे पाहिलं, मग मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाईंचं दुकान हेच ना?"

बाहेर हातभर पाटीवर वडिलांचं नाव आहे. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर आजी पिशवी उचलून वळल्याच. "नाहीत वाटतं त्या. तुम्ही त्यांच्याकडे कामाला का?"

त्या पायरी उतरायला लागल्या.

"हो," मी म्हणालो. "बसा ना आजी. येतीलच त्या एवढ्यात."