तिळाएवढी लाल चांदणी

झेरॉक्सच्या दुकानातल्या स्क्रीनवर 'शिक्षण' या चौकोनापुढं एक लाल चांदणी होती. एवढीशी, तिळाएवढी. तिच्यावरून माझं डोकं फिरलं.

कारखान्यात वेल्डर पाहिजे होता, पण आधी बायोडाटा मागितला. म्हणून बायोडाटा बनवायची फुकटची वेबसाइट उघडून बसलो. दुकानवाली ताई म्हणाली, "काका, हे भरल्याशिवाय पुढं जात नाही."

"मग चौथी नापास टाक."

"यादी दहावीपासूनच सुरू होते."

म्हणजे यांच्या लेखी मी जन्मलोच नाही! मग तयार नमुने बघितले. कोपऱ्यात टाय लावलेला हसरा माणूस. त्याच्या जागी माझं थोबाड बसवलं, तर चोर सापडल्याची जाहिरात वाटायला लागली. शेवटी बायोडाटा लिहून देणाऱ्या एका साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "दहावी पास टाकून देतो. कोण बघतंय?"

तेव्हा खरा भडकलो. कुणी बघत नाही, तर विचारता कशाला? मी अडाणी, मान्य. पण खोटा जोड कधी मारला नाही. मारला असता तर कुणाचा तरी जिना कोसळला असता.

तणतणत उठलो, तर हात दाराच्या ग्रिलवर पडला. माझंच काम. ताईच्या सासऱ्यांनी तेव्हा माझी इयत्ता विचारली नव्हती, नुसतं ग्रिल गदागदा हलवून बघितलं होतं.

ताईकडून कोऱ्या कागदावर लिहून घेतलं, 'वेल्डिंग येतं. लोखंड द्या, जोडून दाखवतो.' खाली सही केली. तीही वाकडी आली, मग अजूनच राग आला.