खालच्या आवाजातली मनकर्णाबाई

आमचे आप्पा खोटं बोलतात. माय गेल्यापासून तर लईच. कन्नड गावच्या बाजारात जो भेटेल त्याला धरून सांगतात, "मनकर्णाचा गळा म्हंजी सोनं! मीच गायला लावायचो तिला." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण खोटं म्हणायला पुरावा कुठं होता?

माय, मनकर्णाबाई, मक्याची कणसं सोलताना गायची. गायची म्हणजे किती, तर शेजारी बसलं तरी कान द्यावा लागायचा. "मोठ्यानं गा की गं," म्हटलं की म्हणायची, "माझा घसाच तसला, बाई." मीही मानलं. वर तिच्यावरच चिडले. माणसानं इतकं पुटपुटत गावं का! एकदा मोबाइल चालू करून कणसांच्या ढिगात खोवला आणि पाण्याला निघून गेले. तेवढंच तिचं गाणं आता उरलंय.

आमच्या रॉक बँडच्या अल्बममधलं पहिलं गाणं मी त्यावरच बांधलं. आधी नुसती माय, बारीक. मग एकदम ड्रम आणि गिटार. दचकलाच पाहिजे ऐकणारा! आणि दचकवायचं तर आधी हळू लागतं, ही साधी अक्कल. शहागंजात स्टुडिओ चालवणाऱ्या श्रीधरला ती नव्हती.

मिक्सिंग त्याच्याकडं, मास्टरिंगही त्याच्याकडंच. मिक्सिंगमध्ये कुणाचा आवाज किती ते ठरतं; तिथवर बरा होता. शेवटचा हात फिरवायला, मास्टरिंगला बसला की याला एकच रोग: जोरात! "पहिल्याच सेकंदाला कानात बसलं नाही तर लोक पुढचं गाणं लावतात, मॅडम." असं म्हणून त्यानं सगळं आवळून वर आणलं. हळू होतं ते फुगलं, मोठं होतं त्याला वर जायला जागाच उरली नाही. ड्रम पडतो, पण अंगावर येत नाही. माय आणि गिटार एकाच मापाची!

"मुडदा पाडलास गाण्याचा," मी ओरडले. "कानात बोळे घातलेत का?"

"खराबी तुझ्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे," तो खेकसला. "ऐक नीट. मागं कुणीतरी माणूस बोलतोय."

ऐकलं. फुगवलेल्या आवाजात कणसांची सरसर वर आली, कोंबडी आली, आणि आप्पा आले. "आवाज खाली कर. लोकं ऐकत्यात." पुढच्याच ओळीला माय खाली उतरली.

म्हणजे घसा तसला नव्हता. मी तिथंच रडले, आणि रडता रडता आप्पांना नाही नाही त्या शिव्या घातल्या.

"पुसून टाकतो," श्रीधर म्हणाला.

"हात लावून तर बघ! मिक्स परत उघड. तेवढं एक वाक्य वर घे. बाकीचा सगळा जोर काढ. माय होती तेवढीच राहू दे."

"लोक पुढं ढकलतील गाणं."

"ढकलू देत. मला एकाच माणसाला ऐकवायचंय."

मायच्या वर्षश्राद्धाला घर भरलं होतं. जेवणं झाली. गाण्यात माय आहे एवढंच आप्पांना ठाऊक. त्यांनीच फर्मान सोडलं, "लाव गं ते गाणं. ऐका मंडळी, मी गायला लावलेला गळा!" मी स्पीकर लावला. माय आली, बारीक. ऐकायला माणसं पुढं वाकली. मग आप्पांचा आवाज, स्वच्छ. माय खाली उतरली, गप्प झाली, आणि ड्रम पडला. पोरंसोरं दचकली.

आप्पा ताडकन उठले. तोंड लालबुंद. "खाली कर तो आवाज! लोकं ऐकत्यात!"

आणि स्पीकरकडं झेपावले. आप्पांची धाकटी बहीण, आवडाआत्या, जिनं जन्मात भावासमोर शब्द काढला नव्हता, ती उठली आणि आप्पा आणि स्पीकर यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"वाढव गं," म्हणाली.